ग्रेगोर साम्सा कापड विकायचा

पंधरापैकी पाच मार्क. खाली लाल पेनने दोनच शब्द : ‘अवांतर टाळा.’

एमए मराठीला आम्हाला जागतिक साहित्याचा एक पेपर आहे. अंतर्गत परीक्षेत प्रश्न आला, काफ्काच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’मधील परात्मतेचे स्वरूप स्पष्ट करा. परात्मता म्हणजे एलिअनेशन. माणूस कामापासून, इतरांपासून, शेवटी स्वतःपासूनच तुटत जातो, ते. नोट्समध्ये तिचे चार पैलू दिले होते आणि वर्गातल्या सगळ्यांनी ते चार पैलू लिहिले. मीही लिहिले. फक्त त्याआधी पाऊण पान मी दुसरंच काहीतरी लिहिलं होतं. ग्रेगोर साम्सा कापड विकायचा, हे.

हा काही माझा शोध नाही. गोष्टीच्या अगदी सुरुवातीलाच आहे. ग्रेगोर सकाळी जागा होतो, आपला किडा झालाय हे त्याला कळतं, तो खोलीभर नजर फिरवतो आणि त्याला टेबलावर पसरलेले कापडाचे नमुने दिसतात. तो फिरता विक्रेता आहे. चारचा गजर लावलेला, पाचची गाडी पकडायची होती, आणि आता साडेसहा वाजून गेलेत. पाठीवर पडून, हवेत वळवळणारे स्वतःचे पाय बघत हा माणूस काळजी कशाची करतो? किडा झाल्याची नाही. गाडी चुकली, साहेब काय म्हणेल, याची. आजारी आहे म्हणून कळवावं तर साहेब विम्याच्या डॉक्टरला घेऊन घरी येईल. आईवडलांवर याच साहेबाचं कर्ज आहे, ते फिटायला अजून पाच-सहा वर्षं लागतील, तोवर नोकरी सोडायची सोय नाही. आणि सव्वासातला ऑफिसातून मोठा कारकून घरी हजर, हा अजून का निघाला नाही ते बघायला.

मी भिवंडीत राहते, धामणकर नाक्याजवळ. घरात तीन पिढ्या माग चालवलाय. मला टेबलावरचं ते कापड दिसणार नाही तर काय दिसणार?

कॉलेजचं नाव लिहीत नाही. ते भिवंडीत नाही, खाडीपलीकडे आहे, आणि अशी कॉलेजं या पट्ट्यात इतकी आहेत की नाव लिहून काही फरकही पडत नाही. सरांचंही नाव लिहीत नाही. सर वाईट नाहीत. ते तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. दोन कॉलेजांत शिकवतात, मधल्या वेळेत डबा खातात. आमच्याकडे मीटरवर पैसे मिळतात, त्यांना तासावर. त्यांच्यावर राग काढून मला समाधान मिळणार नाही. राग आहे तो ‘अवांतर’ या शब्दावर.

मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेले. म्हटलं, “सर, हे गोष्टीतच आहे. सुरुवातीलाच.”

सर म्हणाले, “असेल ना. पण परीक्षक ते शोधत नसतो. उद्या बाहेरच्या परीक्षकाकडे पेपर गेला तर तो काय करेल? तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.”

एक प्रश्न ओठांवर आला होता. सर, तुम्ही ही गोष्ट पूर्ण वाचलीये का? नाही विचारला. तो प्रश्न उद्धट आहेच, शिवाय मला उत्तराची भीती वाटली.

वर्गात मात्र विचारला. ‘मेटॅमॉर्फोसिस’ ही काही ‘युद्ध आणि शांती’ नाही. लांबलचक कथाच ती, एका रविवारी संपते. आमच्यातल्या दोघींनी ती वाचली होती. बाकीच्यांनी नोट्स वाचल्या होत्या आणि यूट्यूबवरचा सारांश दीडपट स्पीडने बघितला होता. मी त्यांना नावं ठेवत नाही. एका सत्रात ग्रीक शोकांतिकेपासून लॅटिन अमेरिकेपर्यंत सगळं जग उरकायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? लेखकाचं नाव, देश, वाद, वैशिष्ट्ये. काफ्का म्हणजे अस्तित्ववाद. कामू म्हणजे असंगतता. मार्केझ म्हणजे जादुई वास्तववाद. गोदामात पार्सलला बारकोड लावतात तसं. मी सुट्टीत गोदामात स्कॅनिंगचं काम केलंय, मला ते बरोबर ओळखता येतं. खोक्यात काय आहे ते स्कॅन करणाऱ्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. बीप वाजला की पुढचं.

अडचण अशी की या पद्धतीत नुसता पुस्तकाचाच बारकोड होत नाही, वाचणाऱ्याचाही होतो. मी भिवंडीची, माझ्या घरी माग होते, मला कापड दिसतं, हे सगळं उत्तरपत्रिकेबाहेर ठेवून यायचं. चपला काढून देवळात शिरावं तसं.

आता ‘जागतिक साहित्य’ ही कल्पना आली कुठून ते बघा. आमच्या नोट्समध्ये पहिल्याच ओळीत गटेचं नाव आहे. १८२७ सालच्या जानेवारीत गटे एकरमान या आपल्या सहाय्यकाला म्हणाला की एकट्या राष्ट्राच्या साहित्याचं आता फारसं काही उरलेलं नाही, जागतिक साहित्याचे दिवस येतायत. हे नोट्समध्ये आहे. नोट्समध्ये नाही ते असं, की हे बोलताना त्याने नुकतीच एक चिनी कादंबरी वाचलेली होती. त्याला चिनी वाचता येत नव्हतं. अनुवादात वाचली होती. आणि चिनी माणसं आपल्यासारखीच वागतात, फक्त त्यांच्याकडे सगळं जास्त नीटनेटकं आहे, अशी सरळ स्वतःच्या घराशी तुलना तो करत होता. म्हणजे अवांतरच करत होता. पंधरापैकी पाच.

त्याच्याही आधीची गोष्ट. १७८९ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने ‘शाकुंतल’ इंग्रजीत आणलं. १७९१ मध्ये गेओर्ग फोर्स्टरने त्या इंग्रजीवरून जर्मन केलं. गटेने ते वाचलं आणि तो वेडावला. ‘फाउस्ट’च्या सुरुवातीला रंगमंचावरचे लोक आपसात बोलतात तो प्रवेश ‘शाकुंतल’च्या नांदी-प्रस्तावनेवरून सुचला, असं मानतात. मग त्याच ‘फाउस्ट’चा पहिला भाग विंदा करंदीकरांनी मराठीत आणला. कालिदास संस्कृतातून इंग्रजीत, इंग्रजीतून जर्मनीत, आणि जर्मनीतून थोडासा कोकणातल्या विंदांकडे परत. हे सगळं ये-जा करण्याचं काम आहे. वाटेत माल बदलतो, पोती फाटतात, कुणीतरी त्यात आपलं काहीतरी घालतं. धामणकर नाक्यावर ज्याने अर्धा तास रिक्षात अडकून काढलाय, वर मेट्रोचे खांब, मध्ये उड्डाणपूल आणि खाली सुताच्या टेम्पोला खेटून घराघरांत पोचायला निघालेली पार्सलं, त्याला ये-जा म्हणजे काय हे शिकवायला लागत नाही. त्या अर्ध्या तासात मराठी, आगरी, उर्दू, भोजपुरी, तेलुगू सगळं कानावर पडतं. आणि आम्ही तिथून उठून खाडी ओलांडून जग शिकायला जातो.

मराठीत तरी हे कधी वेगळं होतं? महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी काळ्यांची गुलामी संपवली म्हणून. पुण्यातला माणूस, शूद्रातिशूद्रांबद्दल लिहितोय, आणि अर्पणपत्रिका अमेरिकेच्या नावाने! कुठल्याही परीक्षकाने ‘अवांतर’ म्हणून ते पान फाडलं असतं. अण्णा भाऊ साठ्यांना शाळा जेमतेम दीड दिवसाची. त्यांनी मुंबईच्या कामगार वस्तीत बसून स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. स्टालिनग्राड तेव्हा त्यांनी बघितलेलं नव्हतं, रशियाला ते गेले १९६१ मध्ये. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी संघटना काढली आणि तिला नाव दिलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. या तिघांनाही जग हे अभ्यासक्रमाला लावलेलं प्रकरण नव्हतं. आपल्या गल्लीतला प्रश्न समजून घ्यायला त्यांना लांबच्या गल्लीची गरज पडली, म्हणून त्यांनी ती घेतली. आमच्या जागतिक साहित्याच्या पेपरात या तिघांतला एकही नाही. ते ‘आधुनिक मराठी’च्या पेपरात आहेत. तिथे त्यांना अमेरिका आणि रशिया अवांतर.

इथे दोन प्रकारचे लोक माझ्या बाजूने बोलायला येतात आणि दोघांचीही मला मदत नकोय.

एक म्हणतात, कशाला हवेत हे परके लेखक, आपली माती, आपली बोली, आपला देशीवाद. यातल्या बऱ्याच जणांनी नेमाडेही वाचलेले नसतात. ज्यांच्या नावाने हे बाहेरचं वाचायचं टाळतात ते नेमाडे जन्मभर इंग्रजी आणि तौलनिक साहित्य शिकवत होते, लंडनलाही शिकवून आले. काफ्का काढून टाका असं मी म्हणत नाहीये. काफ्का द्या म्हणतेय. त्याच्याबद्दलची माहिती नको, तो द्या.

दुसरे म्हणजे माझ्याच वयाचे. यांचा शब्द ‘रिलेट’. मला रिलेट झालं, मला नाही झालं. मान्य आहे, मीही तिथूनच सुरुवात केली. टेबलावरचं कापड दिसलं आणि मला वाटलं, काफ्का आपलाच. दोन-तीन दिवस मी त्या धुंदीत होते. पण रिलेट होणं म्हणजे आरशात बघणं. ग्रेगोरच्या जागी मी स्वतःला बसवलं आणि ग्रेगोरला उठवून दिलं. खरं सांगायचं तर माझं ते पाऊण पान तसं अर्धकच्चंच होतं. कापड आहे एवढं सांगून मी थांबले होते. कापड तिथे काय करतंय, हे लिहिलं नव्हतं. सरांनी ‘अवांतर’च्या जागी ‘पुढे?’ एवढंच लिहिलं असतं तर मी आज त्यांना गुरू म्हटलं असतं.

पुढे काय, ते मग मीच शोधत बसले. दोन गोष्टी सापडल्या. एक काफ्काची. तो १९०८ ते १९२२ प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. कारखान्यात कुणाची बोटं कशी तुटतात, लाकूड रंधणाऱ्या मशीनचा दांडा कसा असला तर कमी तुटतील, यावर तो अहवाल लिहायचा. विम्याचा डॉक्टर गोष्टीत उगीच आलेला नाही. धोटा उडून डोळ्याला लागलेली माणसं मी लहानपणापासून बघितलीत. काफ्का त्या माणसांच्या फाइली वाचून संध्याकाळी घरी जायचा.

दुसरी गोष्ट परात्मतेची. नोट्समध्ये लिहिलंय, आधुनिक माणसाचे एकाकीपण. एवढंच. पण ही कल्पना हेगेलकडून उचलून कामगाराच्या हातात आणून ठेवली ती मार्क्सने, १८४४ च्या हस्तलिखितांत. मजूर जे बनवतो तेच त्याच्यासमोर परकं होऊन उभं राहतं, जितकं जास्त बनवेल तितका तो गरीब होतो, अशी ती सुरुवात आहे. एकाकीपण नंतरचं. आणि १८४४ च्याच जून महिन्यात सायलेशियात, तेव्हाच्या प्रशियात, विणकरांचा उठाव झाला होता. मार्क्सने त्याच उन्हाळ्यात त्याच्यावर लिहिलं, हाइनेने कविता केली. जो शब्द स्पष्ट करायला मला सांगितला होता, त्या शब्दाच्या शेजारीच कापड होतं. आणि मी कापडाचं नाव काढलं तर अवांतर!

या उठावावर गेरहार्ट हाउप्टमानने १८९२ मध्ये नाटक लिहिलं, ‘डी वेबर’, म्हणजे विणकर. त्याचे आजोबा विणकर होते. त्यांच्या गोष्टी वडलांनी सांगितल्या म्हणून नाटक वडलांना अर्पण केलंय. आधी ते सायलेशियाच्या बोलीत लिहिलं, मग जर्मन सगळ्यांना कळेल असं केलं. बर्लिनच्या पोलिसांनी जाहीर प्रयोगाला बंदी घातली. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. इंग्रजी अनुवाद नेटवर फुकट आहे. मी तो फोनवर वाचला, निम्मा शेअर रिक्षात. यंत्रमागांच्या गावातून येणारी मुलं ज्या कॉलेजांत जातात तिथल्या जागतिक साहित्याच्या यादीत हे नाटक का नसावं, याचं उत्तर मला कुणीतरी द्या. नोबेल नको असेल तर त्यात बोली आहे. बोली नको असेल तर संप आहे. पण आम्हाला हाउप्टमानचं नावही माहीत नव्हतं.

आता घरचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. आजोबा करीमनगरकडून आले. मी मराठी शाळेत शिकले. बापूंचे, म्हणजे वडलांचे, सहा माग होते, भाड्याच्या शेडमध्ये. सहा माग होते म्हणजे मालक, असं बाहेरच्यांना वाटतं. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आम्हाला फक्त विणण्याची मजुरी. याला जॉबवर्क म्हणतात आणि भिवंडीतले बहुतेक माग असेच चालतात. अम्मा कांड्या भरायची. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा गिरण्यांचं काम भिवंडीत आलं, इथले माग रात्रंदिवस चालले, असं आजोबा सांगायचे. सांगताना ते खूश व्हायचे की ओशाळायचे, मला कधी कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी आमचे सहाही माग भंगारात गेले, किलोच्या भावाने. बापू आता दुसऱ्याच्या कारखान्यात रात्रपाळीला जातात.

एका रविवारी मी त्यांना ते नाटक सांगितलं. जर्मन नाटक, इंग्रजीतून वाचलेलं, तेलुगूत सांगायचं. फार अडखळले. पहिल्या अंकात विणकर कापड घेऊन ड्राइसिगर नावाच्या शेटकडे येतात. त्याचा माणूस एकेक ताका उलगडून बघतो, डाग काढतो, वजन करतो आणि पैसे कापतो. एक पोरगा भुकेने तिथेच कोसळतो. बापू उठून बसले.

“मीटरला काय द्यायचे?”

मी सांगितलं, नाटकात मीटर नाही, अख्ख्या ताग्यावर पैसे आहेत.

“आणि सूत शेटचंच?”

“शेटचंच.”

“मग डाग सुतात असला तरी कापणार विणणाऱ्याचेच.”

हे नाटकात आहे. एक विणकर नेमकं हेच भांडतो, की सूतच खराब दिलंय. बापूंना मी ते अजून सांगितलं नव्हतं.

शेवटच्या अंकात एक म्हातारा येतो, हिल्झे. देवभोळा. सगळी गल्ली दंगलीत उतरते, त्याची सूनसुद्धा जाते, हा जात नाही. देवाने मला इथे बसवलंय म्हणतो आणि माग चालवत राहतो. बाहेर सैनिक गोळ्या झाडतात. एक चुकार गोळी खिडकीतून येते आणि तो मागावरच मरतो. त्याची बायको आंधळी, तिला ऐकूही धड येत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हाउप्टमानचा राग आला होता. एवढ्या लढ्यानंतर नाटक संपवायचं ते न लढणाऱ्या माणसावर? बापूही कधी मोर्चाला गेले नाहीत. आठवी-नववीत मला त्याची लाज वाटायची.

बापूंना यातलं काही विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनीच विचारलं.

“तो मेला तेव्हा मागावर कापड होतं ना?”

“होतं.”

“ताका पुरा झाला नव्हता.”

“नसेल झाला.”

“मग म्हातारीला त्याचे पैसे दिले का, बिड्डा?”

मी म्हटलं, नाटक तिथेच संपतं. ते म्हणाले, तसं कसं, कापड मागावरून उतरवायला कुणीतरी आलं असेलच. मग त्यांची कामावर जायची वेळ झाली.

मी रात्री सगळा पाचवा अंक फोनवर पुन्हा वाचला. कापड कोण उतरवतं ते त्यात नाही. सरांना नाटकाची लिंक पाठवली आणि खाली हा प्रश्न लिहिला. दुसऱ्या दिवशी निळ्या टिक आल्या. चार दिवसांनी उत्तर आलं : ‘वाचतोय. दुसऱ्या अंकात आहे.’